‘सर, सिंगल कॉइल असंच असतं’ : नऊ महिन्यांचा बेस आणि एक घूं

“सर, सिंगल कॉइल असंच असतं.”

माझ्या बेस गिटारमधून येणाऱ्या घूं आवाजाबद्दल हे वाक्य मला सर्व्हिस सेंटरच्या तीन माणसांनी तीन वेगवेगळ्या दिवशी ऐकवलं. तिसऱ्याने वर आणखी सांगितलं की तुम्ही प्लेट उघडून आत कॉपर टेप चिकटवलाय, म्हणजे वॉरंटी बाद. वॉरंटी एक वर्षाची, आणि आमचा चालू होता नववा महिना. त्या फोननंतर डोकं इतकं तापलं की लिहायलाच बसलो.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण भांडण अजून मिटलेलं नाही. जॅझ बेसच्या घाटाचा चार तारांचा बेस, दोन पिकअप (तारांखाली बसणारे, तारेचं कंपन विजेत बदलणारे; चुंबकाभोवती तारेचं एकच वेटोळं, म्हणून सिंगल कॉइल), दोन व्हॉल्यूम, एक टोन, ३४ इंची स्केल. बाकी स्पेसिफिकेशन सगळ्या दुकानांच्या पानांवर आहेत, ती इथे उतरवत बसत नाही. संक्रांतीच्या सेलमध्ये २१,४९९ रुपयांना घेतला. घरी आकडा सतरा हजार सांगितला होता. आता हे वाचून कळेल, कळू दे.

आधी चांगलं ते सांगून टाकतो. नेक, म्हणजे गळा, सुरेख आहे, हातात झोपतो. फ्रेटची, म्हणजे गळ्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं बोचत नाहीत, जे या किमतीत नवलच. वजन घरच्या तराजूवर सव्वाचार किलो भरलं. तीन तासांच्या ऑर्केस्ट्रानंतर डावा खांदा बोलतो, पण पट्टा रुंद घेतला की निभतं. जूनच्या शेवटी हवेत ओल आली तसा नेक पुढे वाकला आणि तारा उचलल्या. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली सळई, पाव फेरा घट्ट केला, झालं. अॅलन की सोबत येते. पावसाळ्यात हे प्रत्येक बेसचं होतं, याला तक्रार म्हणत नाही.

तक्रार एकच. घूं.

अॅम्प चालू केला, दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले, आणि तारेला हात लावायच्या आधीच बेस गायला लागला. पहिल्या दिवसापासून. दुसऱ्या कुणी कदाचित दुर्लक्ष केलं असतं. मला जमलं नाही, कारण ही घूं नुसता आवाज नाही, तो सूर आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. बेसच्या ई तारेवर तिसऱ्या फ्रेटवरचा ‘जी’ सूर, म्हणजे पेटीची पांढरी पाच, ४९ हर्ट्झचा. म्हणजे घरची वीज पांढरी पाचमध्ये गाते, तीही सुमारे ३५ सेंट चढी (शेजारच्या दोन सुरांत शंभर सेंटचं अंतर). एकदा कानाला हे कळलं की सुटका नाही. पांढरी पाचची गाणी आमच्याकडे निम्मी, आणि प्रत्येक गाण्यात माझ्या मागे कुणीतरी जरा चढ्या सुरात तानपुरा लावून बसलाय. अमेरिकेतल्या लोकांची वीज ६० हर्ट्झची, त्यांची घूं बी फ्लॅट आणि बीच्या मधे कुठेतरी लोंबकळते, म्हणून त्यांना कदाचित एवढा त्रास होत नसेल. हा माझा अंदाज.

फेब्रुवारीत पहिला फोन केला. सिंगल कॉइल असंच असतं. ठीक. मीही मान्य केलं, कारण वाक्य अर्धं खरं आहे.

एप्रिलमध्ये एक गंमत झाली. तारांना हात लावला की घूं कमी व्हायची, हे सगळीकडे होतं, त्यात काळजी नाही. पण आमच्या घरात ती भिंतीवरच्या सॉकेटप्रमाणे बदलायची. माडीवरच्या खोलीत जास्त, खाली स्वयंपाकघरात जरा कमी. (बेस खाली ठेवा म्हणाल तर नाही. सांगलीतला २०१९ चा पूर पाहिल्यापासून आमच्या घरात किमती वस्तू तळमजल्यावर राहत नाही.) वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी होल्डरला दोन वायरी जोडलेला शंभराचा बल्ब काढला, एक टोक फेजला आणि दुसरं अर्थिंगला लावलं. बल्ब देवघरातल्या समईसारखा मिणमिणला.

“अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कधी घातलंय?”

“घालायचं असतं?”

काकांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती अजून आठवते. “अहो, मीठ-कोळसा वाळून खडखडीत झालाय खाली. उन्हाळ्यात घालायचं असतंय की पाणी.”

तुळशीच्या मागे फरशीखाली खड्डा सापडला. चार बादल्या पाणी आणि तीन किलो खडेमीठ. संध्याकाळी बल्ब लख्ख पेटला आणि अॅम्पमधली घूंसोबतची चरचर निम्म्यावर आली. बेसचा टोन सुधारायला अंगणात पाणी शिंपणारा मी गल्लीतला पहिलाच. काकांनी शंभर रुपये घेतले, मिठाचे वेगळे.

यानिमित्ताने एक गोष्ट कळकळीने सांगतो. मंडपात सॉकेट दोन पिनांचं असतं म्हणून अॅम्पच्या प्लगची तिसरी पिन तोडू नका. मी तोडलेल्या पिना पाहिल्यात आणि गाणाऱ्याच्या ओठाला माइकचा झटका बसलेलाही पाहिलाय. घूं परवडली.

तर एप्रिलमध्ये माझं मत असं झालं की दोष घराचा होता, बेस बिचारा निर्दोष. पण अर्थिंगनं गेली ती चरचर. खालची जाड, गोल घूं होती तिथेच राहिली. मग मे महिन्यात बाहेरचा गोंगाट अडवायला कॉपर टेप. पिकअपच्या खाचा आणि कंट्रोलची खाच, दोन्ही आतून मढवल्या, प्रत्येक तुकड्याच्या जोडावर सोल्डरचा थेंब, आणि सगळं मिळून जमिनीला म्हणजे ग्राउंडला जोडलं. मीटरवर या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्धा ओहम. काम इतकं देखणं झालं की प्लेट लावताना वाईट वाटलं. टेप ३८० रुपये, बोटांवर चौदा काप. उरलीसुरली चरचर गेली. घूं? जशीच्या तशी, उलट आता शेजारी कुणी नसल्यामुळे जास्तच स्वच्छ ऐकू यायला लागली.

त्याच सुमारास टोनचा कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरडचा काढून ०.०२२ चा लावला. पाच रुपये. फरक मला वाटतो, बाकी कुणाला वाटला नाही. जुन्या तारा पातेल्यात उकळूनही पाहिल्या, आठवडाभर चमकल्या आणि परत मेल्या. ते पातेलं आता माझं आहे.

गणपतीत पाचव्या दिवशी एका मंडळापुढे ऑर्केस्ट्रा होता. गायिकेनं अभंग सुरू करताना सगळ्यांना थांबवलं, नुसती टाळ आणि आलाप. मी व्हॉल्यूम बंद करायला विसरलो. त्या शांततेत, शेदीडशे माणसांसमोर, आमची पांढरी पाच. साउंडवाला मिक्सरवरून ओरडला, “बेस मर की रे!” गायिकेनं मागे वळून पाहिलं नाही, पण पाठ बोलत होती. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला दुसरा फोन, मग फोटो, मग मेल, मग तिसरा फोन आणि वॉरंटी बाद. बाहेरून ‘इलेक्ट्रॉनिक्स अपग्रेड’ करून घ्यायचं असेल तर ४,८०० आणि कुरिअर माझं. चार हजार आठशे! त्यात इथे एक चांगली सायकल येते.

इथपर्यंतचा मजकूर गेल्या आठवड्यात लिहून ठेवला होता. दोन स्टार देणार होतो. शेवटच्या ओळीत ‘घेऊ नका’ असंही होतं. ते खोडलं. का, ते सांगतो.

लिहिता लिहिता जॅझ बेसची घूं कशी जायला हवी हे नीट मांडत होतो आणि मधेच थांबलो. फेंडरने १९६० मध्ये जॅझ बेस काढला तो दोन पिकअपचा. त्याआधी १९५७ पासून प्रिसिजन बेसवर दोन तुकड्यांचा पिकअप होता, त्यात दोन्ही तुकडे एकमेकांच्या उलट असतात म्हणून घूं आपोआप मरते. जॅझ बेसमध्ये हेच काम दोन अख्खे पिकअप करतात. पुलाजवळच्या, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजजवळच्या, पिकअपचं वेटोळं दुसऱ्याच्या उलट आणि चुंबकही उलट. घूं चुंबकाला विचारत नाही, तिला फक्त वेटोळं दिसतं, त्यामुळे ती एकदाच उलटते आणि दोन्हीकडची मिळून शून्य. तारेचा आवाज वेटोळ्यानंही उलटतो आणि चुंबकानंही, म्हणजे ऋण गुणिले ऋण, धन. शाळेत याचा उपयोग काय म्हणून विचारायचो, तो हा.

म्हणजे एकेकटा पिकअप वाजवला तर घूं यायलाच पाहिजे. पण दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडल्यावर? गायला नको. माझा बेस नेमका तेव्हाच सर्वांत मोठ्यानं गात होता. नऊ महिने मी ‘सिंगल कॉइल असंच असतं’ ऐकत बसलो आणि एवढी साधी गोष्ट तपासली नाही. राग आता कंपनीपेक्षा स्वतःचाच जास्त आला.

भाचीच्या कंपासपेटीतलं होकायंत्र घेतलं. गळ्याकडच्या पिकअपवर धरलं, काट्याचं लाल टोक खाली खेचलं गेलं. पुलाकडच्या पिकअपवर धरलं. लाल टोकच. दोन्ही चुंबकं एकाच तोंडाची. कारखान्यात कुणीतरी एकाच ट्रेमधून दोन पिकअप उचलले होते, बस्स. (होकायंत्र त्या चुंबकांवर फार वेळ राहिलं. तेव्हापासून ते उत्तर मिरजेच्या बाजूला दाखवतं. नवं आणून द्यावं लागलं, ६० रुपये.)

पहिला प्रयत्न आळशी केला. पुलाकडच्या पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल केली, सोल्डर मारलं, अॅम्प लावला. शांतता. पंख्याचा आवाज ऐकू आला इतकी शांतता. मी उभ्या उभ्या नाचलो. मग ई तार वाजवली. खर्जच गायब! सर्दी झालेल्या माणसानं नाकातून गुणगुणावं तसा पातळ आवाज. घूं मेली आणि सोबत बेसही मेला. अर्थात, वायरी उलटवल्या म्हणजे तारेचा आवाजही उलटला, आणि चुंबक मात्र जागच्या जागी. ऋण गुणिले धन.

मग चुंबक. माझ्या बेसचे पिकअप स्वस्तातले, म्हणजे पोलादी खुंट्या आणि त्यांच्या बुडाशी चिकटवलेली सिरॅमिक चुंबकाची एक लांबट पट्टी. इथे स्वस्तपणा कामाला आला. महागड्या पिकअपमध्ये ज्या खुंट्या असतात त्या स्वतःच चुंबक असतात, त्यांना उलटं करणं म्हणजे शस्त्रक्रिया. पट्टी मात्र निघते. बायकोचा हेअर ड्रायर दोन मिनिटं, बाद झालेलं एटीएम कार्ड हळूच कडेनं आत. भीती एकच, वेटोळ्याची तार साधारण ०.०६ मिलिमीटरची असते, केसाइतकी. तिला कार्डाचा कोपरा लागला की पिकअप संपला. मी श्वास धरून बसलो होतो आणि आई नेमकी दारातून विचारत होती, “अरे, चहा टाकू का?” उत्तर दिलं नाही. तिनं टाकला.

पट्टी कट् करून सुटली. उलटी केली, पुन्हा चिकटवली. मीटर लावला, आधी ७.४ किलोओहम होता, आताही ७.४. तेव्हा कुठे चहा प्यायलो, गार.

अॅम्प. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण. शांतता. ई तार. आणि तो आवाज... नऊ महिन्यांत या बेसनं मला असा आवाज दिला नव्हता. खाली भरीव, वर स्वच्छ, मध्ये थोडीशी पोकळी, ज्यात गायकाचा आवाज बसतो. ती पोकळी दोन पिकअप एकत्र लागल्याची, ती आधीही असणारच, पण घूंच्या मागे मला कधी नीट ऐकूच आली नव्हती. मी तासभर नुसती तिसऱ्या फ्रेटवरची पांढरी पाच वाजवत बसलो. नेमकी ४९ हर्ट्झची.

खर्च सांगतो, कारण चार हजार आठशे डोक्यातून जात नाहीत. काका शंभर, मीठ साठ, टेप ३८०, कपॅसिटर पाच, होकायंत्र साठ. सहाशे पाच रुपये. त्यातल्या मुख्य दुरुस्तीला लागला शून्य, होकायंत्र धरलं तर साठ. टेप लावली नसती तरी मुख्य घूं गेलीच असती, आणि वॉरंटीही शाबूत राहिली असती, हे मला माहीत आहे. कृपया कुणी लिहून कळवू नका.

एक व्हॉल्यूम जरा कमी केला की घूं परत डोकावते. ती जॅझ बेसची जातच आहे, तिथे सर्व्हिस सेंटरचं वाक्य शंभर टक्के बरोबर. मी आता दोन्ही पूर्ण ठेवतो आणि टोनवरच काय ते करतो.

स्टार साडेतीन. बेसला साडेचार दिले असते, एक स्टार तीन फोनांचा कापला. नवा घेणार असाल तर घरी आणल्याच्या दिवशीच दोन्ही व्हॉल्यूम उघडून ऐका, मग एकेक बंद करून ऐका. दोन्ही उघडे असताना घूं जास्त असेल तर प्लेट न उघडता, टेप न लावता, बदलून मागा. होकायंत्राचा फोटो जोडा.

कॉपर टेप तीन मीटर शिल्लक आहे. सांगलीत कुणाला हवी असल्यास निम्म्या किमतीत देतो, पण पाणी घालून झालेलं असेल तरच.