शाळेआधीचे वर्ष: प्ले-स्कूल की बालवाडी?

दिवाळीची सुट्टी संपली की अडीच-तीन वर्षांचे मूल असलेल्या घरांत एकच विषय सुरू होतो: येत्या जूनमध्ये त्याला नर्सरीत घालायचे, पण कोठे? 31 डिसेंबरपर्यंत तीन वर्षे पूर्ण हवीत हा नियम आता बहुतेक पालकांना तोंडपाठ असतो, आणि वेळा, फी, व्हॅन, कॅमेरे यांची माहिती प्रत्येक संस्थेच्या पत्रकात मिळतेच, त्यामुळे त्या तपशिलात मी शिरत नाही. आमच्या मोठ्या मुलीचे हे वर्ष नाशिकमधल्या एका इंग्रजी प्ले-स्कूलमध्ये गेले आणि चार वर्षांनी धाकट्या मुलाचे तेच वर्ष घराजवळच्या मराठी बालवाडीत गेले. पुढे दोघेही एकाच सेमी-इंग्रजी शाळेच्या ज्युनिअर केजीत दाखल झाले. दोन मुलांवरून सर्वांसाठी निष्कर्ष काढता येत नाही याची मला जाणीव आहे, तरी दोन्ही दारांशी रोज उभे राहून जे दिसले ते निवड करणाऱ्यांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

प्ले-स्कूलच्या चांगल्या बाजू खऱ्या आहेत आणि त्या आधी सांगितल्या पाहिजेत. तेथे बारा मुलांमागे एक मॅम आणि एक मावशी होत्या, खोली हवेशीर होती, खेळणी दर आठवड्याला धुतली जात, आणि मूल बाहेर पडताना ओळखपत्र पाहिल्याशिवाय कोणाच्याही हाती दिले जात नसे. आई-वडील दोघेही नोकरी करणारे असतील आणि घरी आजी-आजोबा नसतील, तर शाळेला जोडूनच संध्याकाळपर्यंतचे पाळणाघर असणे ही फार मोठी सोय आहे. बालवाडी अडीच तासांत सुटते. नंतर मुलाला सांभाळणार कोण, याचे उत्तर ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी ही तुलना कदाचित येथेच संपते आणि त्यात गैर काहीच नाही.

बालवाडीत सतरंजीवर बावीस मुले, एक ताई आणि एक मदतनीस मावशी. भिंतीवर चकचकीत चित्रे नव्हती. परातीत चिंचोके, शंख, रंगीत मणी, शेंगांची टरफले आणि ओल्या मातीचे गोळे असत. पहिल्या भेटीत मला हे सामान थोडे कमी वाटले होते, हे मान्य करतो. पण ते काटकसरीने उरलेले सामान नव्हते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला सुरू केलेल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वाढवलेल्या कामात माँटेसरी पद्धतीची महागडी साधने बाजूला ठेवून परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतूनच मुलांची बोटे, डोळे आणि मोजणी तयार करण्याची रीत घडवली गेली, आणि आमच्या ताई त्याच रीतीत शिकलेल्या होत्या. महिनाभर चिंचोके दोन बोटांच्या चिमटीत धरून बाटलीच्या तोंडातून आत टाकल्यावर मुलाच्या पकडीत जो फरक पडला तो मी शर्टाच्या बटणांवर पाहिला. गणेशोत्सवाच्या सुमारास तो खालची दोन बटणे स्वतः लावू लागला. मुलीच्या वेळी याच दिवसांत वहीत उभ्या आणि आडव्या रेघांची पाने भरून घेतली जात होती, आणि ती बटणे आम्ही लावत होतो.

इंग्रजीचा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, म्हणून थोडक्यात सांगतो. मुलगी ज्युनिअर केजीत गेली तेव्हा तिला रंग, फळे, प्राणी यांची इंग्रजी नावे येत होती आणि मुलाला येत नव्हती. हा फरक आमच्या डोळ्यांना दिवाळीपर्यंत दिसला, नंतर दिसला नाही. 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तीन ते आठ या वयाला पायाभूत टप्पा म्हणते आणि 2022 मध्ये आलेला या टप्प्याचा अभ्यासक्रम आराखडा खेळावर आणि घरच्या भाषेवर भर देतो. मात्र माझा निर्णय धोरण वाचून झाला नाही. तो एका अगदी साध्या गोष्टीवरून झाला.

मुलगी प्ले-स्कूलमधून सव्वाबाराला घरी यायची आणि बूट न काढता, दप्तर खांद्यावरच ठेवून, थेट न्हाणीघराकडे धावायची. पहिले काही दिवस आम्ही याकडे मुलाची घाई म्हणून पाहिले. मग पाण्याची बाटली सकाळी भरली तशीच परत येऊ लागली. तिसऱ्या आठवड्यात शू करताना जळजळते म्हणून ती रडली, तेव्हा डॉक्टरांनी तपासणी करून पहिलाच प्रश्न विचारला, "ही शाळेत लघवी धरून ठेवते का?" त्या दिवशी रात्री पत्नीने तिला कुशीत घेऊन हळूहळू विचारले, तेव्हा उलगडा झाला. सव्वादहाला सगळ्या मुलांना रांगेने नेले जाई. त्याव्यतिरिक्त जायचे असेल तर हात वर करून इंग्रजीत पूर्ण वाक्य म्हणावे लागे, "मे आय गो टू द वॉशरूम, मॅम?" तिला ते वाक्य येत नव्हते. घरी ती "शू" म्हणे. वर्गात तिने एकदा "शू आली" म्हटले, तेव्हा मॅमनी हसून, प्रेमानेच, "नाही बेटा, कसे म्हणायचे?" असे विचारले, आणि सगळी मुले तिच्याकडे वळून पाहू लागली. त्यानंतर तिने विचारणे सोडले आणि शू लागू नये म्हणून पाणी पिणेही सोडले. तीन वर्षे दोन महिन्यांच्या मुलीने एवढा विचार एकटीने केला होता.

आम्ही जाऊन बोललो. मुख्याध्यापिकांनी शांतपणे ऐकून घेतले. मोठ्या शाळेत गेल्यावर अडू नये म्हणून ही सवय लावतो, दोन महिन्यांत सगळी मुले वाक्य शिकतात, असे त्यांनी समजावले. त्यांच्या हेतूबद्दल मला आजही शंका नाही. मुलीसाठी सवलत मिळाली, औषधाने त्रास थांबला, वर्षही पार पडले. पण जी गोष्ट सांगता येण्यासाठी मूल भाषा शिकते, तीच सांगायला भाषेची परीक्षा का द्यावी लागावी, हा सल माझ्या मनातून गेला नाही.

म्हणून मुलाच्या वेळी बालवाडी पाहायला गेलो तेव्हा मी वर्गाआधी मोरी पाहिली. ती जुनी होती, फरशीचा एक कोपरा फुटलेला होता आणि प्ले-स्कूलच्या स्वच्छतागृहाशी तिची तुलना होण्यासारखी नव्हती. पण बादली मुद्दाम अर्धीच भरलेली होती आणि तिच्यात अगदी लहान मग होता, म्हणजे तीन वर्षांच्या हाताला ते पाणी घेता येईल आणि बादली अंगावर कलंडणार नाही. दाराला आतून कडी नव्हती. मी तेथे असतानाच ताई गोष्ट सांगत होत्या. एक मुलगा उठून "ताई, शू" म्हणाला, त्यांनी मावशींना खूण केली, मावशी त्याचा हात धरून त्याला घेऊन गेल्या, आणि गोष्टीतला कावळा ते दोघे परत येईपर्यंत फांदीवर बसून राहिला. तो परत आल्यावर ताईंनी त्याला विचारले, "आता उडवायचा का कावळा?" मी त्याच दिवशी नाव नोंदवले.

बालवाडीतही उणिवा होत्या. पावसाळ्यात छताच्या पत्र्यावरच्या आवाजाने ताईंचे बोलणे ऐकू येत नसे, ताई रजेवर असल्या की वर्ग नावापुरताच भरे, आणि कोणते मूल काय शिकले याची लेखी नोंद आम्हाला कधी मिळाली नाही. प्ले-स्कूलमध्ये दर महिन्याला नीट नोंदी येत, आणि एखाद्या मुलाला बोलण्यात किंवा ऐकण्यात अडचण असेल तर ती अशा नोंदींतून लवकर लक्षात येऊ शकते, हे मी कमी लेखत नाही. ज्यांना खर्च झेपत नाही त्यांनी जवळची अंगणवाडीही अवश्य पाहावी. तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी ती विनामूल्य आहे, तेथे आहारही मिळतो, आणि सेविका मनापासून काम करणारी असेल तर ती कोणत्याही बालवाडीच्या तोडीची होऊ शकते, असे आमच्या गावच्या अंगणवाडीवरून मला वाटते.

ज्युनिअर केजीच्या पहिल्या आठवड्यात दोघांमध्ये मला दिसलेला फरक एवढाच सांगतो. मुलगी शिस्तीत बसे, सांगितलेले करी, पण काही हवे असेल तर घरी येईपर्यंत थांबे. मुलगा नव्या बाईंना पहिल्याच दिवशी म्हणाला, "डब्याचे झाकण उघडत नाही, तुम्ही उघडा." त्यांच्या स्वभावातला फरकही यात असेलच. तरीही शाळेची तयारी म्हणजे काय असे कोणी विचारले तर मला हे वाक्य आठवते.

निवड कोणतीही झाली तरी मे महिना हाताशी असतो. नाडीची चड्डी बंद करून इलॅस्टिकची घालायला द्यावी आणि ती स्वतः खाली-वर करू द्यावी. भारतीय आणि कमोड अशा दोन्ही पद्धतींची सवय करावी, कारण घरी एक आणि शाळेत दुसरी असली की मूल बिचकते. जो डबा जूनमध्ये न्यायचा त्याच डब्यात रोज अकराला खाऊ द्यावा आणि झाकण त्यालाच उघडू द्यावे. आई-बाबांपैकी कोणीही समोर नसताना आत्याकडे किंवा शेजारी दोन तास राहण्याचा सराव व्हावा. शाळा पाहायला शक्यतो वर्ग चालू असताना जावे, आणि मुलाला मधेच शू लागली तर काय करता, हे ताईंना किंवा मॅमना सरळ विचारावे.

माझी बहीण पुण्यात नोकरी करते आणि तिला पाळणाघर असलेले प्ले-स्कूल घेण्यावाचून इलाज नव्हता. तिची मुलगी शूला "टुई" म्हणते; कोठून शिकली कोणास ठाऊक. बहिणीने शाळेच्या डायरीच्या पहिल्या पानावर, पत्ता आणि रक्तगटाच्या खाली, ठळक अक्षरांत लिहिले, "ही टुई म्हणाली की तिला लगेच न्यावे." पंधरा दिवसांनी डायरी घरी आली तेव्हा त्या ओळीखाली तिच्या मॅमनी पेन्सिलीने लिहिले होते, "मावशींनाही सांगितले आहे."