रोबो व्हॅक्यूम: सव्वादोन वर्षं आणि एक नवी बॅटरी

आधी उरकून टाकते: सफाई ठीक, कोपरे कच्चे, आवाज सहन होण्यासारखा. लिहायचंय ते वेगळंच.

पहिलं वर्षभर एका चार्जिंगमध्ये अख्खं घर व्हायचं. दोन वर्षांच्या आसपास दीड खोलीतच दम निघायला लागला. पलंगाखाली शिरायचा आणि तिथेच बंद. मग मी जमिनीवर आडवी, हातात झाडू, त्याला बाहेर ओढतेय. 'नवीन घे आता,' घरात सगळ्यांचं एकमत.

वाचला तो बिघाड नेमका कळला म्हणून. लिथियम-आयन बॅटरी साधारण 300 ते 500 पूर्ण चार्जिंगनंतर क्षमता गमवायला लागते. आमचा दिवसाआड फिरतो, म्हणजे हिशेब जुळत होता. खालचे स्क्रू काढले, झाकण उघडलं, तर आत धुळीचा बोळा आणि त्याखाली एकाच कनेक्टरवर बसलेला 14.4 व्होल्टचा पॅक. व्होल्टेज, कनेक्टर, मॉडेल नंबर ताडून नवा मागवला. वीस मिनिटांचं काम, त्यातली दहा मिनिटं ब्रशच्या टोकाला गुंडाळलेले केस कापण्यात गेली. (पॅक फुगलेला असता तर हात लावला नसता. जुना ई-कचऱ्यात दिला.) पाच महिने झाले, पुन्हा अख्खं घर होतंय.

पर्यावरणासाठी केलं असं म्हणायला छान वाटेल, पण पैसे वाचले हे एक आणि अ‍ॅपमधला घराचा नकाशा हे दुसरं. खोल्यांना नावं दिली, पडद्याखाली 'इथे जायचं नाही' अशा रेषा आखल्या, वेळा लावल्या. ते सगळं पुन्हा करायचा कंटाळा हीच माझी खरी प्रेरणा.

एअर प्युरिफायर विकताना उलटा अनुभव. मशीन उत्तम चालू. फॅक्टरी रीसेट करून दिलं, तर संध्याकाळी घेणाऱ्याचा फोन: 'अहो, हे दुसऱ्या खात्याला जोडलेलं आहे म्हणतंय.' रीसेटनं वाय-फायचा पासवर्ड गेला होता, पण कंपनीच्या सर्व्हरवर मालक मीच. अ‍ॅपमधून उपकरण काढल्यावर सुटलं. तोवर त्याला मी लबाड वाटले असणार. व्हॅक्यूममध्ये तर घराचा नकाशाच आहे. तो पुसला गेला याची खात्री पटेपर्यंत मी विकणार नाही. लोकांच्या माळ्यावर चालू उपकरणं पडून असतात ती आळसानं कमी, या धास्तीनं जास्त, असं मला वाटतं.

युरोपीय संघाच्या 2024 च्या दुरुस्तीविषयक निर्देशात एक कलम आहे: हमीच्या काळात बदलीऐवजी दुरुस्ती निवडली, तर हमी एक वर्षानं वाढते. माझ्यासारखीला असलं आमिष चालतं. स्वतः स्क्रू उघडल्यावर पुढचं सगळं आपल्याच माथी, हे प्रत्येक स्क्रूला आठवत होतं.

आता डावं चाक कुरकुरतंय. सुटं मिळतं का बघितलं. मिळतं, मोटरसकट.