अँड्रॉइड स्टुडिओ की व्हीएस कोड? मराठी-कन्नड ॲप करणाऱ्यांसाठी

रॅम, थीम, एक्स्टेन्शनांची संख्या हे सगळं तुम्ही आधीच बघितलेलं असणार. ॲपचा कोड लिहायचे हे दोन्ही एडिटर फुकट मिळतात, दोन्ही विंडोज आणि लिनक्सवर चालतात, आणि आयफोनचं ॲप करायचं तर कुठलाही घ्या, शेवटी मॅक आणि ॲपलचं एक्सकोड लागतंच. ते सगळं सोडून देतो.

मी बेळगावात बसून पतसंस्था, गावच्या डेअऱ्या, ऊसतोडीच्या नोंदी असली लहान ॲप करतो. गिऱ्हाईक खानापूरचं असलं तर आधी मराठी, गोकाकचं असलं तर आधी कन्नड, निपाणी-चिकोडीकडचं असलं तर दोन्ही, आणि वर इंग्रजी. माझी निवड यावरच ठरली. एकाच भाषेत ॲप करणाऱ्याने पुढचं थोडं सावधपणेच घ्यावं.

व्हीएस कोडची बाजू आधी सांगतो, कारण ती भक्कम आहे. क्लिक केलं की उघडतो. फ्लटरचं (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींचं ॲप करायचं गूगलचं साधन) ॲप, सर्व्हरचा कोड आणि संस्थेच्या ऑफिसातला वेब डॅशबोर्ड एकाच खिडकीत मावतात. फोन यूएसबीने जोडायचा (अँड्रॉइड ११ पासून वायफायवरही जमतं), हॉट रीलोड मारायचा, बदल लगेच समोर. अँड्रॉइड स्टुडिओ तेवढ्या वेळात ग्रेडल (कोडचं ॲप बांधणारं साधन) सिंक आणि इंडेक्सिंग करत बसलेला असतो. पावसाळ्यात टिळकवाडीत करंट गेला की बॅटरी कुणावर लवकर उतरते, हे मी मोजलेलं नाही, पण पंख्याच्या आवाजावरून अंदाज येतो. व्हीटीयूच्या (इथल्या तंत्रशिक्षण विद्यापीठाच्या) शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्टसाठी विचारतात, तेव्हा मीसुद्धा बऱ्याचदा व्हीएस कोडच सांगतो.

तरी माझं रोजचं काम स्टुडिओत चालतं. कारण एकच, आणि ऐकायला क्षुल्लक आहे.

फ्लटरमध्ये ॲपमधल्या मजकुरासाठी प्रत्येक भाषेची वेगळी एआरबी फाइल असते. मराठीत नवी ओळ घातली आणि कन्नडमध्ये राहून गेली, तर ॲप अडत नाही. मूळ फाइलमधला, म्हणजे आमच्याकडे इंग्रजी, मजकूर गुपचूप दिसतो. भाषांतराचा कोड तयार होताना कन्सोलवर कन्नडचे अमुक इतके मजकूर बाकी आहेत अशी एक ओळ येते खरी, पण बाकीच्या संदेशांबरोबर ती वर सरकून जाते. मग डेअरीचा सेक्रेटरी ॲप उघडतो: वरचं शीर्षक कन्नड, खालचं बटण कन्नड, आणि मधली थकबाकीची ओळ इंग्रजी. पाटी कुठल्या भाषेत आहे हे आपल्याकडे लोक किती बारकाईने बघतात, ते बेळगावकराला सांगायला नको.

त्यात मला कन्नड अस्खलित बोलता येतं, पण वाचताना ओळीवर बोट फिरवावं लागतं. कन्नड मजकूर गोकाकचा एक मित्र देतो. दोनशे ओळींची फाइल नजरेखालून घालून त्यात काय नाही ते शोधणं माझ्याच्याने होत नाही.

स्टुडिओत अँड्रॉइडच्या स्ट्रिंग्जची, म्हणजे ॲपमधल्या मजकुराची, फाइल उघडून वरच्या 'ओपन एडिटर'वर गेलं की सगळ्या भाषा शेजारी-शेजारी रकान्यांत दिसतात. ज्या ओळीचं भाषांतर राहिलंय ती लाल. फक्त कन्नडमध्ये बाकी असलेल्या ओळी तेवढ्या दाखव, असंही सांगता येतं. मित्र आला की तेवढी यादी त्याच्यासमोर ठेवायची, चहा होईपर्यंत काम उरकतं. तरी एखादी राहिलीच तर लिंट, म्हणजे स्टुडिओची चुका तपासायची सोय, हटकतं.

व्हीएस कोडमध्ये हे अशक्य आहे असं नाही. आय-एटीन-एन ॲलाय नावाचं एक्स्टेन्शन फ्लटरच्या फाइलींनाही चालतं, आणि राहिलेले मजकूर वेगळ्या फाइलीत काढून देण्याची सोय खुद्द फ्लटरमध्येच आहे. फ्लटर पक्कं ठरलेलंच असेल तर ही सोय पहिल्याच दिवशी चालू करा. उलट स्टुडिओ घेऊन त्यात फ्लटरच लिहिणार असाल, तर लाल ओळींचा तो तक्ता एआरबी फाइलींना उपयोगी नाही. म्हणजे खरी निवड नुसत्या एडिटरची राहत नाही, स्टुडिओबरोबर कॉटलिन ही अँड्रॉइड ॲप लिहायची भाषाही घ्यावी लागते. अँड्रॉइडपुरतं बोलायचं तर त्यात मला तोटा दिसत नाही. २०१९ पासून गूगलचं धोरणच कॉटलिन आधी असं आहे, आणि आमच्या गिऱ्हाइकांत आयफोनवाले शोधावे लागतात.

एक गोष्ट मात्र जपावी लागते, ओघात आली म्हणून सांगतो. इथे पुष्कळांचा फोन इंग्रजीत असतो आणि ॲप तेवढं मराठीत किंवा कन्नडमध्ये हवं असतं. कॉटलिनच्या ॲपचं बंडल प्ले स्टोअरवर चढवलं की फोनच्या भाषेपुरताच मजकूर उतरवला जातो, आणि ॲपमधलं भाषा बदलायचं बटण दाबूनही काही होत नाही. ग्रेडलच्या फाइलमध्ये भाषांची ही विभागणी बंद करावी लागते. फ्लटरच्या एआरबीला ही अडचण नाही, पण लाँचरमधलं ॲपचं नाव तिथेही अँड्रॉइडच्या स्ट्रिंग्जमधूनच येतं.

लॅपटॉप ८ जीबीचा आहे म्हणून स्टुडिओला घाबरत असाल, तर आधी एमुलेटर (लॅपटॉपवर चालणारा नकली फोन) सोडून बघा. खरा फोन जोडला की निम्मा भार उतरतो. नेट रडत असेल तेव्हा ग्रेडल ऑफलाइन मोडवर टाका, आणि सिंक चालू असेपर्यंत क्रोम बंद ठेवा. माझं तरी असंच निभतंय.