पिओनी हलवायची कधी: सप्टेंबरात की एप्रिलमध्ये?

न्यू जर्सीत अंगणातली पिओनी (दरवर्षी गड्ड्यातून फुटणारं, मोठ्या फुलांचं झाड) उचलून दुसरीकडे लावायची, तर मुहूर्त दोनच: बर्फ वितळल्यानंतरचा एप्रिल किंवा पानगळीच्या तोंडावरचा सप्टेंबर-ऑक्टोबर. माझा कौल सरळ सप्टेंबरला.

तेव्हा झाड वरून थकलेलं दिसतं, पण जमीन अजून कोमट असते आणि अन्न शोषणारी बारीक मुळं याच दिवसांत फुटतात. जमीन गोठायच्या साधारण 6 आठवडे आधी काम उरकावं. दांडे कापून गड्डा उपसला, पाण्याने धुतला की रताळ्यासारख्या जाड मुळांच्या माथ्यावर गुलाबी, टोकदार डोळे दिसतात. 3 ते 5 डोळे येतील असा तुकडा सुरीने कापायचा. लावताना डोळे मातीखाली 3 ते 5 सेंटीमीटरच. मी पहिल्यांदा हौसेने वीतभर खोल पुरली. तीन वर्षं नुसती पानं!

एप्रिलमध्ये लालसर कोंब वर आलेले असतात, जरा धक्का लागला तरी मोडतात. त्यात मुळं दुखावली की त्या वर्षी फुलं बहुधा गेलीच. घर विकून ताबाच द्यायचा असेल तर नाइलाज. मग गड्डा न फोडता मातीच्या मोठ्या ढेकळासकट उचलायचा आणि उन्हाळाभर पाणी चुकवायचं नाही.

सप्टेंबरात लावलेलीही एखाद-दोन वर्षं रुसतेच म्हणा. आणि हो, गड्डा पुण्याला न्यायचा मोह सोडा, तिला कडाक्याची लांब थंडी लागते.