आठ महिने, वीस गुंठे सेंद्रिय कांदा: निंबोळी अर्क, निळे सापळे आणि स्युडोमोनास

संकेश्वरजवळ आमचं वीस गुंठे रान आहे. डिसेंबरात भीमा शक्ती या लाल कांद्याच्या जातीचा तरू (रोपं) लावला, एप्रिलात काढला, आता ऑगस्टात चाळीतला शेवटचा कांदा निवडतोय. मुद्दाम इतकं थांबलो. काढणीच्या दिवशी लिहिलं असतं तर तिन्ही गोष्टींना पैकीच्या पैकी दिले असते.

पातीतला रस शोषणाऱ्या फुलकिड्यांसाठी निंबोळी अर्क घरीच केला. ५ किलो भरड पूड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी दोनदा फडक्यातून गाळून १०० लिटर करायचं. पहिल्या खेपेला साबण घालायचा राहिला आणि सगळं पाणी पातीवरून घरंगळून खाली गेलं. कांद्याची पात मेणचट असते. साबणाचं पाणी मिसळल्यावर अर्क पोग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पातीच्या बेचक्यात उतरला, आणि फुलकिडे बसतात तिथेच. फवारणी ऊन उतरल्यावरच करा.

दर चार दिवसांनी दहा-बारा झाडांचे पोगे उकलून पांढऱ्या कागदावर झटकत होतो. पिवळसर, जेमतेम मिलिमीटरभर पिल्लं कागदावर पळायला लागली की मोजायची. रासायनिकवाले झाडाला तीसपर्यंत थांबतात. निंबोळी लगेच मारत नाही, खाणं आणि वाढ रोखते, म्हणून मी दहावरच सुरुवात केली. अंडी पातीच्या आत, कोष मातीत, त्यामुळे एका फवारणीत काहीच संपत नाही. आठ-दहा दिवसांनी परत मारावं लागतं. लावणीच्या महिनाभर आधी बांधाकडेनं मक्याच्या दोन ओळी टाकल्या होत्या, बाहेरून येणारी कीड अडवायला त्यांचाही आधार झाला. निपाणीचे पाहुणे म्हणाले, तंबाखूचं पाणी मार. नाही मारलं, त्यात कीड खाणारे ढालकिडेही जातात.

निळे चिकट सापळे कीड कधी आली ते सांगतात, तेवढाच त्यांचा उपयोग. मधमाश्याही चिकटतात, बियाण्याच्या कांद्यात फुलोऱ्यावेळी लावू नका.

आता स्युडोमोनास, म्हणजे रोगाच्या बुरशीला आवर घालणारे उपयोगी जिवाणू. तरूची मुळं बुडवून लावली, शेणखतातूनही दिलं. रोपं जोमदार आली. पण सडीवर हे औषध आहे असं समजून मी निर्धास्त राहिलो, ती माझी चूक. जुलैत चाळीत आंबूस वास सुटला. वरून लालभडक, टणक कांदा. मानेजवळ बोट दाबलं तर मऊ. बुडाकडून पिळला तर आतला गाभा सटकन मानेतून बाहेर आला, पाणचट आणि बुळबुळीत. ही जिवाणूची सड. एकदा आत शिरली की सेंद्रिय काय, कसलीच फवारणी पोचत नाही.

सडलेला बहुतेक माल खालच्या चार वाफ्यांतला निघाला. हिडकलच्या कॅनॉलला पाणी आलं म्हणून काढणीच्या पाच दिवस आधी मी ते भिजवले होते. पाणी पंधरा दिवस आधी तोडायला हवं होतं. त्यात घाईनं माना आखूड कापल्या. इंचभर मान ठेवून वरचे वाफे सावलीत दहा दिवस सुकवले होते, तो कांदा अजून खणखणीत आहे.

यंदा निंबोळी आणि मका पुन्हा. स्युडोमोनासही घेईन, पण पुडीवरची मुदत बघून. खालच्या वाफ्यांत मात्र आधी चर काढतोय.