चीप की इनएक्स्पेन्सिव्ह? कुठे काय वापरायचं

इंग्रजीत मेल लिहिताना स्वस्तसाठी चीप टाकू की इनएक्स्पेन्सिव्ह यावर बरेच जण अडतात. डिक्शनरीत दोन्हींचा अर्थ जवळजवळ सारखाच दिसतो पण ऐकणाऱ्याच्या कानाला फरक लगेच कळतो.

छटा बघा आधी. इनएक्स्पेन्सिव्ह म्हणजे नुसतं कमी किमतीचं, त्यात टोमणा नाही. चीपमध्ये मात्र हलकं, टाकाऊ असाही वास येतो, म्हणजे चीप शूज म्हटलं की सोल लवकर सुटणार असं वाटतंच, आणि लूक्स चीप म्हटलं तर किंमत कितीही असो, वस्तू भिकार दिसते असाच अर्थ. गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत हा शब्द सौदा, बाजार अशा अर्थाचा होता, लंडनमधलं चीपसाइड हे नाव तिथल्या बाजारावरूनच पडलंय.

माणसाबद्दल बोलायचं तर ही इज चीप म्हणजे तो चिक्कू, विशेषतः अमेरिकन बोलण्यात. तिथे इनएक्स्पेन्सिव्ह चालतच नाही.

व्याकरणात चीप जास्त लवचिक, आय बॉट इट चीप चालतं, इनएक्स्पेन्सिव्ह तसं लावता येत नाही. आणि प्राइसला शक्यतो दोन्ही लावू नका, प्राइस लो असते. जाहिरातवाल्यांचं अफोर्डेबल सोडून द्या, ते कशालाही चिकटवतात.

मित्रांशी गप्पा, चीप फ्लाइट्स वगैरे असेल तर बिनधास्त चीप. क्लायंटला मेल, रिपोर्ट किंवा कुणी दिलेल्या गिफ्टबद्दल बोलायचं असेल तर इनएक्स्पेन्सिव्हच.