आत न्यायचं, दाराशी थांबायचं की एकटं पाठवायचं?

मुलगा सहा-सात वर्षांचा झाला की आईला आणि मुलगी चार-पाच वर्षांची झाली की बाबाला हा प्रश्न पडतोच: बाहेर असताना शू लागली, तर आता एकटं पाठवायचं का? विचारणाऱ्याला बहुधा एकच आकडा हवा असतो. सात, आठ, फार तर दहा. आकडे मी पुढे दिले आहेत, पण ते जागेप्रमाणे बदलतात. मॉलमध्ये नऊ वर्षांचं मूल जे आरामात करून येतं, ते एसटी स्टँडवर दहाव्या वर्षीही मी त्याला एकट्याने करू देणार नाही.

पर्याय तीन. मुलाला आपल्या बाजूच्या टॉयलेटमध्ये सोबत नेणं, हा पहिला. मूल त्याच्या बाजूला आत आणि आपण अगदी दाराशी, हा दुसरा. आपण हॉटेलच्या टेबलाशी किंवा गाडीत सीटवर बसलेलो आणि मूल जाऊन येतं, हा तिसरा. घरातल्या वादात पहिला आणि तिसराच ऐकू येतो. आजी म्हणते, "अजून किती दिवस बायकांच्यात नेणार आहेस त्याला?" आणि सूनबाई म्हणतात, "आई, तुम्ही बातम्या बघत नाही का?" माझं मत विचाराल तर सहा ते दहा हा बहुतेक काळ मधल्या पर्यायातच जायला हवा. त्यात दोघींचंही समाधान होत नाही, पण मुलाचं काम होतं.

आधी कडीचं बघा

"शाळेत जातो की एकटा," असं बरेच पालक सांगतात. बरोबर आहे. बालवाडीत मावशी सोबत असतात, पहिलीपासून मूल मधल्या सुट्टीत आपलं आपण जातं. पण शाळेचं टॉयलेट रोजचं, तिथली कडी रोजची आणि बाहेर उभी असलेली पोरंही ओळखीची. बाहेरच्या जगात प्रत्येक दाराची तऱ्हा वेगळी. कुठे आडवा बोल्ट, कुठे फिरवायचा नॉब, कुठे नुसतीच भोकं आणि कडी गायब. मुलाला कडी लावता येते का, हे आपण विचारतो. खरं विचारायला हवं ते काढता येते का. गंजलेला बोल्ट जोर लावून एकदा आत गेला की इवल्या बोटांना मागे ओढवत नाही, आणि मग आतून रडारड. नव्या जागी दार उघडं ठेवून बोल्ट दोनदा लावून-काढून बघायची सवय लावा. दार उघडं असताना अडकला तर काहीच बिघडत नाही. आणि कडीच नसेल तर एक हात दाराला लावून "आत आहे" ओरडायचं, हेही आधीच सांगून ठेवा.

दुसरी गोष्ट बसण्याची. शहरातल्या कित्येक घरांत आता फक्त कमोड. मग स्टँडवर किंवा ढाब्यावर इंडियन दिसलं की मूल गांगरतं, उकिडवं बसताना तोल जातो, चड्डी भिजते. गावाकडच्या मुलाचं उलटं होतं, ते कमोडवर पाय ठेवून चढतं. दोन्ही घरीच किंवा नातेवाइकांकडे शिकवून ठेवायच्या गोष्टी आहेत. जेट वापरणाऱ्या मुलाला बादली-मगाने धुता येतं का, हेही बघा, कारण सार्वजनिक जागी जेट असला तरी बरेचदा एक तर बंद असतो, नाही तर त्याला इतका जोर असतो की पाठ भिजते.

म्हणून शू आणि शी यांचा हिशेब वेगळा ठेवा. शूसाठी जिथे मूल तयार आहे, तिथे शीसाठी अजून एक-दोन वर्षं धरा. मुलींना शूसाठीही दार लावून बसावंच लागतं, त्यामुळे कडीची परीक्षा त्यांना मुलांच्या आधी द्यावी लागते.

मॉल, मल्टिप्लेक्स, हॉटेल

लहान हॉटेलातलं एका खोलीचं टॉयलेट हे सुरुवातीला सगळ्यात उत्तम. दार एक, माणूस एका वेळी एक. आधी आपण डोकावून बघायचं, मग मुलाला आत सोडून बाहेर थांबायचं. पाचव्या वर्षापासून हे चालतं.

मॉल स्वच्छ असतो, उजेड असतो, साफसफाईच्या मावशी-दादांची ये-जा असते. अडचण असते ती लांब बोळाची. फूड कोर्टच्या मागे वळणं घेत गेलेला पॅसेज, त्याला मधेच गोदामाची आणि जिन्याची दारं. सहा-सात वर्षांच्या मुलासोबत त्या बोळाच्या शेवटापर्यंत जा आणि तिथे थांबा. फूड कोर्टच्या टेबलावरून पाठवायला नऊ तरी पूर्ण होऊ द्या. (दारावरच्या चित्रांचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही. एके ठिकाणी टोपी आणि पंखा, दुसरीकडे मिशी आणि टिकली. ज्याला नुकतं वाचायला येऊ लागलंय त्या मुलाने काय ओळखायचं?) आपोआप होणारा फ्लश आणि हालचाल थांबली की विझणारे दिवे, याची कल्पना लहान मुलांना आधीच द्या. बरीच मुलं तेवढ्यानेच घाबरून अर्ध्यात बाहेर येतात.

मल्टिप्लेक्समध्ये मध्यंतराची गर्दी बरी की सिनेमा चालू असतानाची शांतता? गर्दीत रांग मोडून मोठी माणसं पुढे घुसतात आणि मूल मागे पडतं, एवढाच तोटा. सिनेमा चालू असताना आत एखादाच अनोळखी माणूस असू शकतो आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणीच नसतं. एकटं पाठवायचंच असेल तर मी मध्यंतरात पाठवेन. सिनेमाच्या मधे लागली तर आपण उठायचं, मग पडद्यावर काहीही चाललेलं असो.

एसटी स्टँड आणि हायवे

स्टँडवर घाई ही पहिली शत्रू. गाडी दहा मिनिटं थांबणार म्हणतात, मग चहा, मग रांग, आणि तेवढ्यात डबल बेल. मूल आत आणि गाडी हलायला लागली, ही भीती खोटी नाही. कंडक्टरला सांगून उतरायचं, आणि मुलासोबत उतरायचं. बारा वर्षांच्या आत इथे तिसरा पर्याय मी विचारातच घेत नाही.

बहुतेक मोठ्या स्टँडवर पैसे देऊन वापरायचं शौचालय असतं. १९७० साली बिंदेश्वर पाठक यांनी सुरू केलेल्या सुलभ संस्थेने ही पद्धत देशभर पोचवली, आणि आता कोणीही चालवत असलं तरी लोक त्याला 'सुलभ'च म्हणतात. मधे गल्ला, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. गल्ल्यावरचा माणूस ही इथली जमेची बाजू: आत-बाहेर कोण गेलं ते त्याला दिसतं. मुलाला पाठवताना त्याच्याशी दोन शब्द बोला, "दादा, हा माझा मुलगा, मी इथेच उभी आहे." आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोललात तर अजून चांगलं. सुट्टे पैसे मुलाच्या हातात द्या, आणि गल्ल्यावर "एक नंबर की दोन नंबर?" विचारतील हेही सांगा, नाही तर पोरगं बावरतं. मुलींकडे पैसे नक्की द्या. पुरुषांची मुतारी फुकट आणि बायकांना मात्र शूलाही पैसे, हा प्रकार अनेक ठिकाणी चालत आला आहे. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' चळवळीने यावरच आवाज उठवला.

हायवेवरच्या मोठ्या फूड मॉलमध्ये टॉयलेट बहुधा बरं असतं, धोका बाहेर असतो. दोन बसेस एकदम रिकाम्या होतात, मूल बाहेर येतं, आई-बाबा दिसत नाहीत, आणि ते सरळ गाडी शोधायला पार्किंगमध्ये जातं. रिव्हर्स घेणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरला चार फुटांचं मूल दिसत नाही. म्हणून बोलणं एवढंच: बाहेर आलास की ह्या खांबापाशी थांब, कुठेही जाऊ नकोस. पेट्रोल पंपाचं टॉयलेट मागच्या अंगाला, अंधारात असतं. तिथे दाराशी उभं राहायला पर्याय नाही, मूल कितीही मोठं असो.

ट्रेन

लांब पल्ल्याच्या गाडीच्या डब्यात बाई-पुरुष वेगळं नसतं, त्यामुळे आईला मुलासाठी आणि बाबाला मुलीसाठी थेट दाराशी उभं राहता येतं. पण स्लीपर किंवा जनरल डब्यात टॉयलेटचं दार आणि डब्याचं दार हातभर अंतरावर, आणि डब्याचं दार चालत्या गाडीत उघडं असू शकतं. हेलकावा बसला की मोठी माणसंही कोलमडतात. इथे दहाच्या आत एकटं नाही. वंदे भारतमध्ये, म्हणजे २०२३ पासून धावणाऱ्या मुंबई-सोलापूर किंवा मुंबई-शिर्डी गाडीत, दारं आपोआप बंद होतात आणि गाडी चालू असताना बंदच राहतात. तिथे सात-आठ वर्षांचं मूल जाऊन येऊ शकतं. फक्त त्या फ्लशचा 'खस्स' आवाज फार मोठा असतो, तो आधी एकदा ऐकवा.

मुंबईच्या लोकलमध्ये टॉयलेटच नाही. प्लॅटफॉर्मवरच्या टॉयलेटला एसटी स्टँडचेच नियम.

आईसोबत मुलगा, बाबासोबत मुलगी

खरी ओढाताण इथे आहे. आईने मुलाला बायकांच्या टॉयलेटमध्ये न्यावं कुठवर? सहापर्यंत कोणी काही म्हणत नाही. सातव्या वर्षी नजरा बदलतात, आठव्या वर्षी कोणीतरी बोलून दाखवतं. बायकांच्या बाजूला प्रत्येकीला दार असतं, त्यामुळे कोणाचं काही दिसतं असं नाही. तरीही आरशासमोर ओढणी सारखी करणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीला तिथे आठ वर्षांचा मुलगा नको असेल, तर तिचंही बरोबर आहे. आणि बहुधा त्याआधी मुलगाच म्हणतो, "मी नाही येणार लेडीजमध्ये." तसं म्हणाला की मॉल, हॉटेल, थिएटरमध्ये दुसऱ्या पर्यायाला लागा. रात्रीच्या स्टँडवर मात्र आठ वर्षांच्यालाही बिनधास्त आपल्याबरोबर न्या. नजरा सोसायच्या.

"मुलगा आहे, त्याला काय होतंय" हे वाक्य डोक्यातून काढायला हवं. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतला अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात महाराष्ट्र आणि गोवाही होते. लैंगिक छळाचा कुठला ना कुठला प्रकार सोसलेल्या मुलांचं प्रमाण ५३.२२ टक्के निघालं, आणि त्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. २०१२ चा पॉक्सो कायदाही १८ वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांना सारखंच संरक्षण देतो. त्याच अभ्यासात हेही दिसलं की निम्मे त्रास देणारे मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. म्हणजे "अनोळखी माणसाशी बोलू नकोस" एवढं सांगून भागत नाही. मुलाला नेमकं सांगा: मोठ्या माणसाला टॉयलेटमध्ये लहान मुलाच्या मदतीची गरज नसते, आपल्या दारात कोणाला येऊ द्यायचं नाही, कोणी मोबाइल काढला तर चड्डी वर करायची आणि ओरडत बाहेर यायचं.

पुरुषांच्या बाजूला मुतारी उघड्यावर असते, म्हणून काही जण मुलाला दाराच्या संडासातच जायला सांगतात. सुरुवातीला मलाही तेच बरं वाटतं, कडी चांगली असेल तर. पण जिथे संडास घाण आणि बोल्ट गंजलेला, तिथे कडेची, भिंतीलगतची मुतारी परवडली. बऱ्याच मॉलमध्ये एक बुटकी मुतारी मुलांसाठी असते, तिच्याकडे बोट दाखवून ठेवा.

बाबा आणि मुलगी ही जोडी जास्त कठीण. चार-पाच वर्षांची असेल तर कडेवर घेऊन, मुताऱ्यांकडे तिची पाठ ठेवून, सरळ पुरुषांच्या बाजूच्या संडासात. सहानंतर हे तिलाच नको होतं. अपंगांसाठीचं स्वतंत्र टॉयलेट हा चांगला मार्ग, कोणी खोळंबलेलं नसेल तर. दुर्दैवाने त्याला बरेचदा कुलूप असतं, किंवा आत झाडू-बादल्या रचलेल्या असतात. मग उरतं ते दाराशी थांबून सफाईच्या मावशींना किंवा मुलांसोबत आत जाणाऱ्या बाईला विचारणं: "ताई, जरा हिच्याकडे बघाल का?" संकोच वाटतो, पण नाही म्हणणाऱ्या बायका फार थोड्या. मावशी दिसत नसतील तर बाहेरूनच मुलीशी बोलत राहा. कविता म्हणायला सांगा, पाढे म्हणायला सांगा. आवाज येत राहिला की दोघांनाही धीर.

पंढरपूरची वारी, गावची जत्रा, विसर्जनाची गर्दी इथे तुलना करायला काही नाही. फिरती शौचालयं ओळीने एकसारखी उभी असतात, आत गेलेलं मूल कुठल्या दारातून बाहेर येईल ते आपल्यालाही कळत नाही. हात सोडू नका आणि खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा.

बाहेर आलं नाही तर

शूला तीन मिनिटं, शीला आठ-दहा, असा अंदाज मनात ठेवा. तेवढ्यात आलं नाही तर हाक मारा. उत्तर आलं नाही तर "आत येतेय" असं मोठ्याने म्हणत सरळ आत जा, दारावर 'पुरुष' लिहिलेलं असलं तरी. आतले एक-दोघं म्हणतील, "ओ ताई, जेन्ट्स आहे हे." म्हणू देत. बाबांनी बायकांच्या बाजूला जाताना आधी एखाद्या बाईला किंवा मावशींना पुढे पाठवावं, नुसतं घुसू नये, पण थांबूनही राहू नये. रेल्वेत असाल तर १३९, मुलांसाठी १०९८ आणि काहीच सुचत नसेल तर ११२, हे तीन नंबर फोनमध्ये हवेत. आणि मूल आतून काही विचित्र सांगत आलं, तर त्याच्यावर ओरडण्याआधी ते पूर्ण ऐकून घ्या, कारण पहिल्याच वेळी दरडावलेलं मूल पुढच्या वेळी सांगत नाही.